उरलेला भोपळा कापला त्या दिवशीच मार्गी कसा लावावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात माणसे दोनच, आणि आलेला भोपळा चांगला सहा किलोचा. त्यातली एक खाप काढून भाजी होते, बाकीचा भोपळा फ्रिजमध्ये जातो आणि पाच-सहा दिवसांनी बुळबुळीत होऊन कचऱ्याच्या डब्यात पडतो. लगदा करून ठेवावा तर तो पाणचट होतो. त्याचे सूप बेचव लागते आणि केक मधोमध कच्चा राहतो. सालीचे आणि बियांचे काही करता येईल का, लगदा बाटल्यांत भरून कपाटात वर्षभर ठेवता येईल का, आणि सजावटीसाठी कोरलेला भोपळा नंतर शिजवून खाल्ला तर चालेल का, असे उपप्रश्नही त्याला जोडलेले आहेत. मी बावीस वर्षे मोठ्या स्वयंपाकघरांत काम केले आहे आणि तिथे भोपळे एका वेळी चाळीस-पन्नास किलोंनी येत असत, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. पाककृती ठाऊक नसल्यामुळे भोपळा वाया जात नाही. पाककृती हव्या तेवढ्या मिळतात. तो वाया जातो कारण कापल्यानंतर उरलेल्या भागाचे काय करायचे, हे ‘उद्या बघू’ म्हणून पुढे ढकलले जाते. अख्खा भोपळा महिनोन्‌महिने कोपऱ्यात मुकाट पडून राहतो, म्हणून कापलेलाही तसाच टिकेल असे मनात कुठेतरी बसलेले असते. प्रत्यक्षात सुरी लागताच ते फळ वेगळ्या वर्गात जाते. म्हणून माझा सल्ला एकच आहे, आणि पुढचे सगळे त्याचेच तपशील आहेत: ज्या दिवशी भोपळा कापाल त्याच दिवशी तो संपूर्ण शिजवून, मीठ-साखर न घालता, पाणी काढून टाकून, लहान लहान भागांत साठवा. त्याचे नेमके काय करायचे हे नंतर सावकाश ठरवता येते.

घरातली नासाडी ही किरकोळ बाब नाही, हेही एका वाक्यात सांगून ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला ६० टक्के वाटा घराघरांतला होता. भोपळ्यासारखे जड, ओले फळ कचऱ्याच्या ढिगाऱ्यात दबले की हवेवाचून कुजते आणि त्यातून मिथेन बाहेर पडतो.

आता साठवणीबद्दल. अख्खा, पूर्ण पिकलेला, कडक सालीचा भोपळा १० ते १३ अंश सेल्सियस तापमानात, कोरड्या आणि हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज राहतो. त्याचा देठ मोडू नये, कारण देठाच्या जागी झालेली जखम हीच कुजण्याची पहिली वाट असते. भोपळा देठाला धरून उचलू नये तो याचसाठी. फरशीवर थेट ठेवण्याऐवजी खाली पुठ्ठा किंवा फळी घालावी. पिकलेली सफरचंदे आणि केळी त्याच्या शेजारी ठेवू नयेत, कारण त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे भोपळा लवकर उतरतो. आणि अख्खा भोपळा फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नये, कारण १० अंशांच्या खालची थंडी त्याला बाधते आणि बाहेर काढल्यावर तो अधिकच वेगाने सडतो. कापलेल्या भोपळ्याचा नियम मात्र बरोबर उलटा आहे. तो ४ अंशांच्या आसपासच्या थंडीतच ठेवावा लागतो, आणि तिथेही त्याचे आयुष्य तीन ते पाच दिवसांचेच असते. त्याच दिवशी शिजवणे अगदीच शक्य नसेल तर किमान बिया आणि त्यांभोवतीचे तंतू चमच्याने खरवडून काढावेत, कारण सडण्याची सुरुवात नेहमी त्या ओल्या, मऊ भागातून होते. मग कापलेल्या बाजूला कापड किंवा वेष्टन घट्ट चिकटवून तुकडा आत ठेवावा.

विळ्याभोपळ्याचे सख्य म्हणतात ते किती खरे आहे, हे पहिल्याच घावाला कळते. गोल फळ पाटावर घसरते, सुरी सालीत अडकते आणि जोर लावला की हात सटकतो. स्वयंपाकघरातल्या वाईट जखमांपैकी बऱ्याच मी भोपळ्याच्याच पाहिल्या आहेत. पाटाखाली ओले फडके घालावे. भोपळ्याच्या एका बाजूची पातळ चकती काढून त्याला सपाट बैठक करून द्यावी, आणि मगच वरून सुरी चालवावी. साल फारच टणक असेल तर चार ठिकाणी टोचून भोपळा मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटे ठेवला तरी सुरीला बराच आराम पडतो. मात्र टोचायला विसरू नये. सोलून घ्यायचा असेल तर आधी खापा कराव्या आणि मग खाप आडवी ठेवून साल उतरवावी. कच्चा भोपळा बराच वेळ हाताळला की बोटांवर एक चिकट, आवळल्यासारखा पापुद्रा धरतो, कधी कातडी सोलल्यासारखीही दिसते. ती फळाच्या रसाची करामत असते, आणि ज्यांना तिचा त्रास होतो त्यांनी हातमोजे घालावेत. खरे तर बहुतेक वेळा कच्चा भोपळा सोलण्याची गरजच नसते, ते पुढे येईल.

सगळे भोपळे सारखे वागत नाहीत, आणि लगदा पाणचट होण्याचे अर्धे कारण इथेच आहे. आपण ज्यांना सरसकट भोपळा म्हणतो ती फळे मुख्यतः तीन जातींची असतात: कुकुर्बिटा पेपो, कुकुर्बिटा मॅक्झिमा आणि कुकुर्बिटा मोशाटा. मोशाटातला लांब मानेचा बटरनट किंवा मॅक्झिमातला गर्द हिरव्या सालीचा, छोटा, घट्ट काबोचा शिजल्यावर दाट, गुळगुळीत आणि गोड होतो. कोरण्यासाठी वाढवले जाणारे मोठे, पातळ गराचे, नारिंगी भोपळे बहुधा पेपो जातीचे असतात आणि त्यांचा गर तंतुमय, पाणीदार आणि चवीला सौम्य असतो. तेही खाण्याजोगेच असतात, पण त्यांच्याकडून गोडव्याची अपेक्षा ठेवू नये. जात ओळखता आली नाही तरी अडत नाही. कापलेल्या गराला नख लावून पाहा: नख कष्टाने रुतले आणि कडेला पिठूळ कण दिसले तर गर दाट आहे, नख सहज आत गेले आणि पाण्याचे थेंब आले तर तो पाणीदार आहे, त्याला अधिक वेळ आटवावे लागेल.

भोपळ्याच्या कच्च्या गरात सुमारे ९२ टक्के पाणी असते. त्याचे तुकडे पुन्हा पाण्यात उकळले तर पाणी आणखी शिरते आणि चव उकळीत उतरून जाते, म्हणून उकळण्याची पद्धत मी फक्त सूपासाठी, तेही ते पाणी सूपातच वापरायचे असेल तरच, मान्य करतो. सर्वांत उत्तम म्हणजे भाजणे. भोपळ्याचे दोन भाग करून, बिया काढून, कापलेल्या बाजूला तेलाचा नुसता हात फिरवून, ती बाजू खाली येईल असे तव्यावर ठेवावेत आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाऊण ते एक तास भाजावेत. सालीवर बोट दाबल्यावर खड्डा पडला की काम झाले. गार झाल्यावर साल आपोआप सुटते; कच्चा असताना जी सोलायला अर्धा तास झगडावे लागले असते ती साल इथे अखंड पापुद्र्यासारखी हातात येते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात सोललेल्या फोडी, पाण्याचा थेंबही न घालता, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ठेवाव्यात. पाच-सात मिनिटांत त्या स्वतःचेच पाणी सोडतात आणि त्यातच शिजतात. प्रेशर कुकर वापरायचा असेल तर फोडी आतल्या डब्यात कोरड्या ठेवाव्यात, पाणी डब्याच्या बाहेर असावे, आणि एका शिट्टीवर गॅस बंद करावा.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि पाणचटपणाचे उरलेले अर्धे कारण तेच आहे. शिजलेला गर चमच्याने काढून घोटल्यावर तो चाळणीत पसरलेल्या मलमलीच्या फडक्यात घालावा, खाली भांडे ठेवावे आणि फ्रिजमध्ये रात्रभर निथळू द्यावा. सकाळी भांड्यात पिवळसर, किंचित गोड पाणी जमलेले दिसते. पाणीदार भोपळा असेल तर एक किलो लगद्यातून पाव लिटरसुद्धा निघते. ते पाणी फेकू नये. पीठ मळायला, भात शिजवायला, सूप पातळ करायला ते साध्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले. रात्रभर थांबायचे नसेल तर लगदा पसरट पातेल्यात मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटे ढवळत आटवावा. तो फटफट उडतो आणि हातावर पडला तर चांगलाच चटका देतो, म्हणून झाकण तिरके धरून लांब दांड्याच्या चमच्याने ढवळावे. तयार झाला की नाही हे पाहण्याची माझी परीक्षा साधी आहे: एक चमचा लगदा कोरड्या बशीत ठेवून दोन मिनिटे वाट पाहावी. भोवती पाण्याचे कडे पसरले तर अजून वेळ आहे. ढीग तसाच उभा राहिला आणि बशी कोरडी दिसली तर लगदा तयार आहे. पातेल्याच्या तळाशी चमचा ओढल्यावर पडलेली वाट दोन-तीन क्षण बुजत नाही, हीही खूण चालते. माझ्या हिशेबाने सहा किलोच्या भोपळ्यातून साल, बिया, तंतू आणि पाणी वजा जाता असा दाट लगदा अडीच ते तीन किलो मिळतो. भोपळा समोर असताना जो डोंगर वाटतो तो फ्रीझरच्या एका कप्प्यात मावतो.

इथे माझीच एक चूक सांगण्यासारखी आहे. नवीन असताना मी दहा किलो गरम लगदा एकाच खोल डब्यात भरून, झाकण घट्ट लावून शीतगृहात ठेवला आणि काम आवरल्याच्या समाधानात घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला तेव्हा कडेचा लगदा थंडगार होता, पण मध्यभागी चमचा खुपसल्यावर आतून कोमट वाफ आली आणि मागोमाग आंबूस वास. सगळा लगदा टाकावा लागला. दाट पदार्थाच्या गाभ्यातली उष्णता बाहेर यायला फार वेळ लागतो, आणि ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात जिवाणू सर्वांत जोमाने वाढतात. म्हणून शिजलेला भोपळा पसरट ताटात चार-पाच सेंटीमीटरहून जाड नसलेल्या थरात पसरावा, वाफ जाऊ द्यावी आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. तिथे तो तीन ते चार दिवस चांगला राहतो. वास बदलला, फेस आला किंवा कडेला ठिपके दिसले तर चव घेऊन खात्री करत बसू नये.

चार दिवसांत संपणार नाही तो सगळा भाग फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांत जावा. तिथे आठ-दहा महिने त्याची चव टिकते. पाव किलोचा एकेक भाग पिशवीत भरून, हवा दाबून काढून, हाताने चपटा करून ठेवला तर तो लवकर गोठतो आणि वितळतोही लवकर. शिवाय पाटीसारखा तुकडा मोडून हवा तेवढाच घेता येतो. थोडा भाग बर्फाच्या साच्यात गोठवून त्याच्या वड्या पिशवीत टाकून ठेवाव्यात. रश्शाला दाटपणा आणायला एक-दोन वड्या पुरतात. डब्यात भरायचा असेल तर वर दीड सेंटीमीटर जागा सोडावी, कारण गोठताना तो फुगतो. पिशवीवर तारीख आणि वजन लिहावे, नाहीतर तीन महिन्यांनी त्या नारिंगी पाटीकडे पाहून ती गाजराची की भोपळ्याची, यावर घरात चर्चा होते. कच्च्या फोडी तशाच गोठवल्या तर वितळल्यावर स्पंजासारख्या होतात, म्हणून फोडी हव्याच असतील तर आधी अर्ध्याकच्च्या भाजून किंवा वाफवून मग गोठवाव्यात. मीठ आणि साखर या टप्प्यावर घालू नये, असे मी वर म्हटले त्याचे कारण एवढेच की बिनचवीचा लगदा कुठेही जातो, आणि एकदा गोड केलेला लगदा फक्त गोडातच जातो.

आता स्वयंपाकाकडे येऊ. भोपळ्याची भाजी किंवा सूप बेचव लागण्यामागे एकच कारण असते: त्यात गोडवा आहे, पण त्या गोडव्याला धार देणारे काही नाही. मीठ पुरेसे हवे, शेवटी आंबट हवे, काहीतरी तिखट हवे आणि काहीतरी खरपूस हवे. सूपासाठी कांदा तुपात, लोण्यात किंवा तेलात सोनेरी होईपर्यंत परतावा, त्यात आले-लसूण आणि मिरे टाकावेत, मग लगदा घालून तो तीन-चार मिनिटे परतावा. ही परतणी महत्त्वाची आहे, कारण लगदा पातेल्याच्या बुडाला किंचित धरू लागला की त्याची कच्ची, काकडीसारखी चव जाते. त्यानंतरच निथळलेले पाणी थोडे थोडे घालत हवा तेवढा दाटपणा आणावा आणि गॅस बंद केल्यावर लिंबू पिळावे. स्निग्धांशाला भिऊ नये. भोपळ्याचा रंग ज्या बीटा कॅरोटीनमुळे येतो ते तेलातुपात विरघळते, आणि सोबत थोडा स्निग्धांश असेल तरच शरीर ते नीट शोषून घेते; बिनतेलाचे सूप पथ्याचे वाटते खरे, पण त्यात भोपळ्याचा निम्मा फायदा हुकतो.

आंबटाविषयी एक बारकावा सांगायला हवा. भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन आम्ल असले की लवकर सुटत नाही. म्हणून टोमॅटो किंवा दुसरे काही आंबट सुरुवातीलाच घातले तर भोपळ्याच्या फोडी टणक राहतात आणि शेवटी घातले तर आधीच मऊ झालेल्या असतात. रश्श्यात फोडी आकार धरून राहायला हव्या असतील तर हाच दोष गुण म्हणून वापरता येतो. डाळीत किंवा कडधान्यात भोपळा विरघळून दाटपणा यायला हवा असेल तर मात्र आंबट अगदी शेवटी.

पिठात लगदा घालताना लोक पाणी आणि लगदा दोन्ही मोजून एकदम ओततात आणि मग पीठ हाताला चिकटते म्हणून कोरडे पीठ घालत बसतात. लगदा हेच मुख्यतः पाणी आहे, असे समजून चालावे. पाव किलो पिठाला सव्वाशे ग्रॅम लगदा घेऊन आधी पाणी न घालता मळावे, दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि मगच गरज वाटली तर चमच्याने पाणी घालावे, कारण मुरताना लगदा आणखी ओल सोडतो आणि पीठ सैल होते. यीस्ट घालून पाव करायचा असेल तर अर्ध्या किलो मैद्याला दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम दाट लगदा घ्यावा आणि पाणी शंभर मिलिलिटरपासून सुरू करून पीठ मऊ होईपर्यंत वाढवावे. असा पाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. केकमध्ये एका अंड्याच्या जागी साठ ग्रॅम लगदा चालतो, पण फक्त दाट, ओलसर जातीच्या केकमध्ये. फेसावर फुगणाऱ्या हलक्या केकमध्ये तो घातला की केक बसतो. मधोमध कच्चा राहणारा जो केक प्रश्नात आला आहे, त्याला न निथळलेला लगदा आणि फार खोल साचा, ही दोनच कारणे असावीत असा माझा अंदाज आहे. लगदा निथळून घ्यावा आणि तोच केक पसरट साच्यात करून पाहावा.

बियांना मी उरलेला माल मानतच नाही. कित्येकदा भोपळ्याचा तोच सर्वांत किमती भाग असतो. सोललेल्या १०० ग्रॅम मगजात सुमारे ३० ग्रॅम प्रथिने असतात. बिया काढल्या त्याच दिवशी पाण्याच्या मोठ्या भांड्यात टाकून हाताने चोळाव्यात. बिया तरंगतात आणि तंतू सुटतात. थोडा गर चिकटून राहिला तरी बिघडत नाही, भाजल्यावर तो खमंग लागतो. मग चांगल्या खारट पाण्यात दहा मिनिटे उकळून, निथळून, कापडावर तासभर पसराव्यात. उकळल्याने मीठ टरफलाच्या आत जाते. नुसते वरून भुरभुरलेले मीठ डब्याच्या तळाशीच जमते. त्यानंतर चमचाभर तेल चोळून १६० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे, किंवा जाड तव्यावर मंद आचेवर, सतत हलवत भाजाव्यात. बिया तडतडू लागल्या की दोन-तीन मिनिटांत उतरवाव्या लागतात, कारण टरफल सोनेरी दिसत असतानाच आतला मगज करपून कडू झालेला असतो. म्हणून रंगावर विसंबू नये. एक बी दाताखाली फोडून आतला मगज पाहावा. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नये, आणि महिन्याहून जास्त ठेवायच्या असतील तर फ्रिजमध्ये ठेवाव्यात, कारण त्यांतले तेल खवट होते.

तंतू आणि साल यांबद्दल थोडक्यात. बियांभोवतीच्या तंतूंना स्वाद चांगला असतो. ते आणि स्वच्छ घासलेली साल कांद्याच्या पाती-देठांबरोबर अर्धा तास मंद उकळून गाळले तर सूपासाठी उत्तम पाणी मिळते. काबोचासारख्या पातळ सालीच्या भोपळ्याची साल शिजल्यावर मऊ होते आणि तशीच खाता येते. जाड सालीचे लांब पापुद्रे काढून, तेल-मीठ-तिखट लावून १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटे कुरकुरीत करता येतात. मेण किंवा चकाकी लावलेली साल मात्र खाऊ नये, आणि जी साल चावताना लाकडासारखी लागते तिच्याशी हट्ट करू नये.

लगदा बाटलीत भरून कपाटात ठेवण्याच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकार असे आहे. भोपळा कमी आम्लाचा असतो. सामू (आम्लता दाखवणारा आकडा; आम्ल जितके कमी तितका तो जास्त) ४.६ च्या वर असलेल्या, हवाबंद आणि ओल्या पदार्थात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकतो आणि त्याचे विष जिवावर बेतते. त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. दाट लगद्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता किती वेळात पोहोचेल हेही दर भोपळ्यागणिक बदलते, म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मार्गदर्शनात घरी लगदा बाटलीबंद करण्याची शिफारसच नाही. तिथे केवळ फोडी, त्याही दाबाखालच्या विशेष भांड्यात ठरावीक वेळ प्रक्रिया करून, मान्य आहेत. साखर घालून आटवलेला भोपळ्याचा मुरंबाही याच कारणाने फ्रिजमध्येच ठेवावा. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर वाळवणे हा सुरक्षित पर्याय आहे: तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून, पुसून, ५५ ते ६० अंशांवर त्या कट्‌कन मोडेपर्यंत वाळवाव्यात. वाकणारी चकती अजून ओली आहे असे समजावे. पाच टक्के आम्लाच्या व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या फोडी फ्रिजमध्ये काही आठवडे छान राहतात, आणि पाणीदार, बेचव भोपळ्याचा याहून चांगला उपयोग मला सापडलेला नाही.

कोरलेल्या भोपळ्याबाबत मी कडक आहे. जो भोपळा कोरून, आत मेणबत्ती लावून, दिवसभर किंवा रात्रभर उघड्यावर ठेवला, रंगवला किंवा टिकावा म्हणून ज्यावर काही फवारले, तो खाण्याच्या यादीतून बाद. धुऊन आणि उकळून तो परत पात्र होत नाही. वाचवायचे ते कोरण्याआधीच वाचवावे: आतून खरवडलेला गर आणि बिया स्वच्छ भांड्यात घेऊन लगेच फ्रिजमध्ये ठेवाव्यात, म्हणजे सजावटही होते आणि सूपही. न कोरलेला, नुसता मांडून ठेवलेला भोपळा मात्र धुऊन खुशाल शिजवावा. त्यावर एखादा बुरशीचा ठिपका असेल आणि खालचा गर टणक असेल, तर ठिपक्याच्या सभोवार आणि खाली अडीच सेंटीमीटरपर्यंत कापून टाकून बाकीचा वापरता येतो. गर मऊ, पाझरता झाला असेल तर सगळाच सोडून द्यावा.

असा सोडून दिलेला भोपळा खतात घालताना मेण आणि रंग लागलेला भाग काढावा, फावड्याने तुकडे करावेत आणि तेवढ्याच सुक्या पानांत मिसळावेत, नाहीतर ढीग चिकट होऊन वास मारतो. बिया आधी काढल्या नाहीत तर पुढच्या हंगामात खताच्या कडेला वेल आपोआप उगवतात आणि त्यांना फळेही धरतात. ती फळे पाहून आनंद होतो, पण शोभेच्या कडू भोपळ्याशी परागसंकर झालेल्या बीपासून आलेल्या फळात कुकुर्बिटासिन हे कडू विषारी द्रव्य उतरलेले असू शकते, आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतल्या अशाच कडू झुकिनीच्या भाजीने एक वृद्ध गृहस्थ दगावले होते. त्यामुळे आपोआप उगवलेल्या वेलीचे फळ कापल्यावर कच्च्या गराचा नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवून पाहावा; जरासाही कडवटपणा जाणवला तर तो थुंकून तोंड धुवावे आणि ते फळ कोणालाही न देता परत खताच्या ढिगात टाकावे, या वेळी बिया काढून.